चार नंबरची टाकी

घाऱ्याला त्या दिवशी कामावर जायचंच नव्हतं. तीन दिवस त्याची दाढ ठणकत होती आणि डावा गाल लिंबाएवढा सुजला होता. डोळे घारे म्हणून लहानपणी पडलेलं नाव तेहतिशीतही त्याला चिकटून होतं. गोदीतलं हजेरीपुस्तक सोडलं तर त्याचं खरं नाव कुणीच वापरत नसे.

"आज नको जाऊस रे," आई म्हणाली.

"अर्ध्या दिवसाचं तर काम आहे," तिचा जावई बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. "चार नंबरच्या टाकीत उतरायचं, पत्र्याची जाडी मोजायची, वर यायचं. दुपारी मीच घेऊन जातो त्याला दाताच्या डॉक्टरकडे."

घाऱ्याने बहिणीकडे बघून कपाळावर हात मारला. "घरात फोरमन, कामावर फोरमन. हा माणूस माझ्या पाचवीलाच पुजलाय."

बहीण हसली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. घर सोडलं तर सगळं गाव तिला नुसतं 'बाई' म्हणायचं. तिने भावाच्या खिशात लवंगांची पुडी कोंबली आणि तिघंही एकदमच घराबाहेर पडली. कोपऱ्यावर ती शाळेकडे वळली. मागे वळून बघावं असं त्या दिवशी काहीच नव्हतं.

गोदीत जुन्या बोटींची डागडुजी चाले. त्या वेळी कोरड्या तळावर एक सपाट मालवाहू बोट चढवलेली होती. तिच्या पोटात सहा पोलादी टाक्या होत्या. बोट रिकामी असली की तोल राखायला त्यांत पाणी भरायचं, माल चढला की काढून टाकायचं. चार नंबरची टाकी अकरा महिन्यांपूर्वी रिकामी करून बंद केली होती. तळाशी वीतभर खारं पाणी राहिलं होतं, बाकी नुसती हवा. तेलाची टाकी असती तर सगळेच दहा हात लांब राहिले असते. पण ही पाण्याची टाकी. पाण्याला कोण घाबरतं?

सव्वाअकराला चोवीस बोल्ट काढून झाकण उचललं. फोरमनने भोकाशी वाकून दोनदा नाक ओढलं. ओल्या लोखंडाचा वास होता, बाकी काही नाही. त्याने टॉर्च मारला. आत सगळं स्वच्छ दिसत होतं. धूर नाही, वाफ नाही.

"जा," तो म्हणाला.

घाऱ्या शिडीवरून उतरला. पाचव्या पायरीवर त्याने वर बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि त्याचे हात सुटले. ओरडणं नाही, धडपड नाही. पोतं पडावं तसा तो खाली पडला.

"अरे, घसरला!" रंगारीमामा ओरडला. हा गोदीतला सगळ्यांत जुना माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेला. बाजूलाच तो बोटीच्या कठड्याला रंग देत होता. त्याने ब्रश टाकला, आणि कुणी अडवायच्या आत भराभर शिडी उतरला. खाली पोचून त्याने घाऱ्याच्या काखेत हात घातले. तेवढंच. मग तो गुडघ्यांवर बसला आणि घाऱ्याच्या छातीवर डोकं टेकून आडवा झाला.

तिसरा फोरमनच गेला असता. त्याचा एक पाय भोकात होता. झाकण उचलणाऱ्या क्रेनवाल्याने मागून त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला बाहेर खेचलं, खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर बसून राहिला.

"सोड मला! माझा मेहुणा आहे तो!"

"म्हणूनच नाही सोडत," क्रेनवाला म्हणाला. तो स्वतः रडत होता.

हवा आत सोडणारा मोठा पंखा गोदीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो आणून, तारा जोडून, सुरू करेपर्यंत वीस मिनिटं गेली. दोघांना वर काढलं तेव्हा त्यांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. घाऱ्याचा सुजलेला गाल तेवढा तसाच होता.

*

शवविच्छेदनात विष सापडलं नाही, दारू सापडली नाही, दोघांची हृदयं ठणठणीत होती. डॉक्टर फोरमनला म्हणाले, "श्वास बंद पडला एवढंच मी लिहू शकतो. का पडला, ते तुमच्या टाकीला विचारा."

चौथ्या दिवशी रंगाऱ्याची बायको बाईंच्या दारात आली. तिला सगळे मामी म्हणत. ती आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली. गोदीच्या ऑफिसातून मिळालेला कागद तिने पुढे केला. "मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. शेजारणीने वाचून दाखवलं, पण माझा विश्वास बसला नाही. तुम्ही वाचा."

बाईंनी वाचलं. दोन्ही कामगार जेवणाच्या आधीच काम सोडून, परवानगी न घेता, गारव्याला झोपण्यासाठी चार नंबरच्या टाकीत उतरले. टाकी सकाळपासून उघडी होती. बाजूच्या रंगकामाच्या वाफा आत गेल्या असाव्यात. मृत्यू त्यांच्या स्वतःच्या बेफिकिरीमुळे. खाली मॅनेजरची सही होती.

"चाळीस वर्षांत हा माणूस दुपारी कधी आडवा झाला नाही," मामी म्हणाली. "आजारी असला तरी खुर्चीत बसून राहायचा. आणि आता नळावर बायका विचारतात, झोपायला गेले होते म्हणे?"

आतून आईने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

बाईंनी कागदाची घडी केली. "काही नाही आई. ऑफिसचं आहे."

रात्रीच्या जेवणाला फोरमनने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. बाईंनी कागदाबद्दल विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चौकशी होईल. मग बघू." त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला. भावाच्या जाण्याने नवराही खचलाय असंच बाईंना वाटलं. ते खरंही होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

*

आठव्या दिवशी त्या शाळेत परतल्या. नववीचा धडा ठरलेला होता: ऑक्सिडीकरण आणि क्षपण. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. देणाऱ्याशिवाय घेणारा नाही आणि घेणाऱ्याशिवाय देणारा नाही. हे त्या सतरा वर्षं शिकवत होत्या आणि मुलांना कळावं म्हणून सतरा वर्षं एकच प्रयोग करत होत्या. भांडी घासायची लोखंडी तार व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून परीक्षानळीच्या तळाशी कोंबायची, नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं.

दुसऱ्या दिवशी तार तांबूस झाली होती आणि पाणी नळीत वर चढलं होतं. साधारण एक पंचमांश.

"पाणी वर का चढलं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"बाई, आतली हवा कमी झाली," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"हवा कमी झाली की हवेतलं काहीतरी?"

"ऑक्सिजन. लोखंडाने घेतला. म्हणजे लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले आणि ऑक्सिजनने घेतले आणि दोघांचा मिळून गंज झाला."

"मग नळीत आता काय उरलं?"

"नायट्रोजन. वास नाही, रंग नाही. त्यात काडी धरली तर विझेल."

बाईंनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती पाण्याबाहेर काढली, सरळ केली, काडी पेटवली आणि अंगठा काढून आत धरली. दरवर्षी करायच्या तसंच. ज्योत विझली. विझण्याचा आवाजही झाला नाही. मुलांनी दरवर्षीसारखी टाळी वाजवली.

बाई ती विझलेली काडी धरून उभ्याच राहिल्या. मुलगी म्हणाली, "बाई, बसा ना." त्या बसल्या. नंतर वर्ग कसा संपला ते त्यांना आठवत नव्हतं.

संध्याकाळी त्या थेट क्रेनवाल्याच्या घरी गेल्या. तो दारातच चपला शिवत बसला होता. त्यांना बघून ताडकन उठला.

"बसा, काका. मला एकच सांगा. झाकण उघडलं तेव्हा आतून काही बाहेर आलं का? हवा, वाफ, काहीही?"

त्याने विचार केला. "बाहेर नाही आलं. उलटच झालं. झाकण निघता निघेना. पहार घातली तेव्हा सुटलं, आणि सुस्स करून हवा आत गेली. माझ्या खांद्यावरचा रुमाल भोकाकडे ओढला गेला की."

"आत गेली. नक्की?"

"ताई, मी रुमाल पकडला नसता तर तो आत पडला असता. विषारी वायू साचला असता तर तो बाहेर नसता का फुसफुसला?"

"आणि सकाळपासून टाकी उघडी होती हे?"

क्रेनवाल्याने खाली बघितलं. "सव्वाअकराला उघडली. मीच उचललं झाकण. मला कुणी विचारलंच नाही."

"झोपायला गेले होते?"

त्याने अर्धी शिवलेली चप्पल पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "ते घरी विचारा. माझ्या तोंडून नको."

*

घरी आई आतल्या खोलीत पडली होती. फोरमन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. बाईंनी दार लोटून घेतलं आणि त्याच्या समोर बसल्या.

"टाकीत विष नव्हतं," त्या म्हणाल्या. "अकरा महिने ती बंद होती. चार भिंती, तळ, छत, सगळं ओलं पोलाद, आणि खाली खारं पाणी. पोलाद गंजत गेलं आणि टाकीतला ऑक्सिजन संपत गेला. उरली ती हवा दिसायला हवेसारखीच. घाऱ्याने चार श्वास घेतले असतील, फार तर पाच."

फोरमनने समोरचा पेला बाजूला सारला.

"आपल्या अंगातही तेच चालतं हो. अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली होतात, त्यावर आपण जगतो. तो शेवटचा घेणाराच नसला की मेंदू काही सेकंदांत बंद. आणि गुदमरल्यासारखं वाटतही नाही. गुदमरणं कळतं ते आत कार्बन डायऑक्साइड साठला की. इथे तो तर नीट बाहेर पडत होता. त्याला कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं होतं," फोरमन म्हणाला.

त्या थांबल्या.

"भोकात वाकलो तेव्हा डोकं गरगरलं. क्षणभरच. वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल. वास नव्हता, म्हणून म्हटलं, जा." त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "मीच म्हटलं, जा."

"मीटर नाही तुमच्याकडे? ऑक्सिजन मोजायचं?"

"आहे. कपाटात. त्याच्या आत शिशाचा छोटा सेल असतो, तो दोन वर्षांत झिजून जातो. झिजल्यावर ते उघड्या मैदानातही बोंबलायला लागलं. मी नव्या सेलसाठी दोनदा लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला, तेलाच्या टाकीचं काम येईल तेव्हा बघू. मग कुणीतरी ते बंद करून ठेवून दिलं." तो थांबला. "मीच ठेवून दिलं."

"आणि तो कागद? झोपायला गेल्याचा?"

"मॅनेजरने लिहिलाय. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, मागच्या पानावर." पहिल्यांदाच त्याने बायकोच्या डोळ्यांत बघितलं. "तिसऱ्या दिवशी केली. म्हणाला, नाहीतर तू तुरुंगात जाशील, घर उघड्यावर पडेल, सासूला कोण बघेल. मी केली सही."

बाई उठल्या. गॅसजवळ गेल्या, परत आल्या, कुठे जावं ते त्यांना सुचेना. ज्या माणसाच्या उष्ट्या कपातला चहा त्या वर्षानुवर्षं न विचारता प्यायच्या, त्याच्या अंगाला आज हात लावू नये असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

"बाकीच्या टाक्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"तीन नंबर राहिलीय. चारच्या शेजारची. तिलाही अकरा महिने झालेत. सोमवारी चौकशीवाले येऊन गेले की मंगळवारी उघडायची."

"कोण उतरणार?"

"दोन नवीन फिटर घेतलेत."

"त्यांना काय सांगितलंय?"

"झाकण तासभर उघडं ठेवा आणि वास घेऊन बघा."

बाईंनी डोळे मिटले. "मी सोमवारी येणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण माझा भाऊ झोपायला गेला नव्हता."

*

सोमवारी सकाळी दहाला निरीक्षक आला. मध्यम वयाचा, थकलेला माणूस. त्याच्या गळ्यात चालू मीटर होतं. त्याने लांब नळी चार नंबरच्या टाकीत सोडली. एकवीस टक्के. बाहेर जेवढा तेवढाच ऑक्सिजन आत. पंखा तर त्या दिवसापासून चालूच होता.

"हवा उत्तम आहे," मॅनेजर म्हणाला. "आमच्या अहवालात आहेच, टाकी सकाळपासून उघडी होती."

"मला बोलायचंय," बाई म्हणाल्या. "मी घाऱ्याची, म्हणजे गेलेल्या फिटरची बहीण."

"बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो," मॅनेजरने सुरुवात केली.

"दुःखाचं नाही बोलायचं. तीन नंबरच्या टाकीचं बोलायचंय."

निरीक्षकाने मान वर केली. बाईंनी परीक्षानळी आणली नव्हती. काल आणायचं ठरवलं होतं, पण भावाच्या मरणाचा वर्ग घ्यायला नको म्हणून घरीच ठेवली होती. त्यांनी दोन वाक्यांत गंजाचं सांगितलं. झाकण उघडताना हवा आत गेल्याचं सांगितलं. मागे उभ्या क्रेनवाल्याने "खरं आहे साहेब" म्हणून हात वर केला.

"तीन नंबर अजून बंद आहे," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी बंद केलेली, तसंच पाणी, तसंच लोखंड. तुमचं मीटर तिथे लावा."

"ती टाकी या चौकशीत येत नाही," मॅनेजर म्हणाला. "आणि ती उघडायला दोन तास लागतील."

"उघडायची गरज नाही." हा फोरमनचा आवाज होता. तो भिंतीशी उभा होता, आठवडाभर दाढी न केलेला. "पाणी मोजायचा पाइप आहे वरून. त्याचं बूच काढलं की नळी आत जाते."

मॅनेजरने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. फोरमनने पाना उचलला आणि चालू लागला.

बूच घट्ट बसलं होतं. निघालं तेव्हा बारीक सुस्स झालं. निरीक्षकाने नळी सोडली. मीटरवर एकवीस होतं, ते पंधरावर आलं आणि मीटर ओरडायला लागलं. नऊ. सहा. चारच्या थोडं खाली येऊन आकडा थांबला, मीटर ओरडतच राहिलं. बाजूला उभे असलेले दोन नवीन फिटर न सांगता दोन पावलं मागे सरले.

निरीक्षकाने आवाज बंद केला. "या हवेत माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहणार नाही," तो हळू म्हणाला. मग त्याने वही उघडली. "चार नंबर कुणी उघडली? किती वाजता?"

"सव्वाअकरा," फोरमन म्हणाला. "माझ्या हुकमावरून. मीटर न लावता, पंखा न लावता. मी वास घेतला आणि त्याला जा म्हटलं. रंगारी त्याला वाचवायला गेला. झोपायला कुणी गेलं नव्हतं. अहवालावर सही माझी आहे, ती खोटी आहे." त्याने खिशातून घड्या पडलेले दोन कागद काढले. "सेल मागितल्याच्या या प्रती. पण सेल नव्हता तर काम थांबवायचं होतं. ते माझ्या हातात होतं."

मामी मागच्या बाजूला उभी होती. ती पुढे आली. ती फोरमनला मारेल असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. ती फक्त म्हणाली, "हे तू पहिल्या दिवशी बोलायला हवं होतंस," आणि निघून गेली.

*

फोरमनला दीड वर्षाची शिक्षा झाली. मॅनेजरवरही खटला उभा राहिला, पण त्याचे वकील तारखांवर तारखा घेत राहिले आणि दरम्यान तो दुसऱ्या गोदीत रुजूही झाला. अहवाल बदलला गेला. रंगारीमामाच्या नावापुढे 'सहकाऱ्याला वाचवताना' असे शब्द आले. मामीने तो कागद चष्मा लावून स्वतः वाचला.

आईला सगळं बाईंनीच सांगितलं. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्ये एकदाच तिने विचारलं, "त्याने हाक मारली का गं मला?"

"नाही आई. वेळच नव्हता. त्याला कळलंच नाही."

खोटं सांगता आलं असतं. पण घरात आता खोट्याला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने आपली ट्रंक भरली. ती मामीच्या घरी राहायला गेली. दोन खोल्यांच्या त्या घरात एक खाट रिकामी होतीच. बाई रोज शाळा सुटल्यावर तिथे जायच्या, भाजी निवडून द्यायच्या, औषधं बघायच्या. जावयाचं नाव तिथे निघत नसे.

महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, बाई तुरुंगात जायच्या. जाळीच्या पलीकडे फोरमन बसायचा, वाळलेला. पहिल्या काही भेटींत दोघंही फार बोलले नाहीत. तो गोदीचं विचारायचा. तीन नंबर हवा भरून, मोजून मगच उघडली, असं त्यांनी सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली आणि मग बराच वेळ जाळी धरून बसला.

एका रविवारी परत येताना त्या मामीकडे थांबल्या. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मुलीच्या हातातली तुरुंगातल्या भेटीची चिठ्ठी तिने ओळखली.

"का जातेस त्याच्याकडे?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाई तिच्या शेजारी बसल्या. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला, मग दुसरा.

"माहीत नाही, आई," त्या म्हणाल्या. "न जाऊन बघितलं एक महिना. तेही जमलं नाही."

आईने सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. उरलेले तांदूळ दोघींनी मिळून निवडले.